साखर उतरली की थांबणाऱ्या पेशी: माझा अनुभव

मूलपेशींपासून (स्टेम सेलपासून) बीटा पेशी, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, घडवायला चार-पाच आठवडे लागतात आणि रविवार असो की दिवाळी, मीडिया, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव, वेळेवर बदलावाच लागतो. मी हे काम हाती घेतलं ते हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेली सहा टप्प्यांची पद्धत समोर ठेवून. मेल्टन यांच्या दोन्ही मुलांना टाइप १ मधुमेह आहे. मुलाला तो तान्हेपणीच झाला आणि बेडकांवरचं संशोधन सोडून ते इकडे वळले.

आईच्या पोटात स्वादुपिंड ज्या क्रमाने घडतं, तोच क्रम फ्लास्कमध्ये पाळायचा. त्यासाठी पेशींना दिशा देणारे रेणू द्यायचे: सुरुवातीला ॲक्टिव्हिन ए, पुढे रेटिनॉइक ॲसिड, असं एकेक. फ्लास्क सतत फिरत असतो. तो थांबवला की पेशींचे गोळे तळाशी बसू लागतात. ते पूर्ण बसेपर्यंत हात लावायचा नाही, मग वरचा मीडिया ओढायचा. घाई केली की गोळेही पिपेटमध्ये जातात.

शेवटी थोड्या गोळ्यांवर डिथिझोन हा जस्ताला लाल रंगवणारा रंग टाकला. बीटा पेशींत इन्सुलिन जस्तासोबत साठलेलं असतं, म्हणून त्या लाल होतात. गोळे लाल झाले तसे सगळे मायक्रोस्कोपभोवती जमले. मला धास्ती होती ती पुढच्या चाचणीची.

पेशींना आधी कमी ग्लुकोज द्यायचं, मग जास्त, मग पुन्हा कमी. मोजायचं सी-पेप्टाइड, म्हणजे पेशी स्वतः इन्सुलिन बनवताना त्यासोबत सुटणारा तुकडा, कारण आधीच्या मीडियात आपणच इन्सुलिन घातलेलं असतं. सुरुवातीच्या बॅचेस ग्लुकोज कमी असतानाही इन्सुलिन सोडत राहिल्या. अशा पेशी शरीरात गेल्या तर रात्री झोपेत साखर उतरायची. किती इन्सुलिन निघतं याहून ते वेळेवर थांबतं का, हे मी आधी बघते. गोळे सुटे करून पुन्हा लहान आकारात बांधले, पक्व व्हायला जास्त दिवस दिले, तेव्हा कुठे शेवटच्या, पुन्हा कमी ग्लुकोजच्या वेळचा आकडा खाली आला.

नातेवाईक विचारतात, इंजेक्शनं कधी सुटणार? झिमिसलेसेल या मूलपेशींपासून बनवलेल्या पेशींच्या उपचाराच्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पूर्ण डोस मिळालेल्या १२ पैकी १० जणांना वर्षाने बाहेरून इन्सुलिन लागत नव्हतं. मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सगळ्यांनाच घ्यावी लागली, म्हणून लहान मुलांच्या आईवडिलांना मी थांबायला सांगते. आणि स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन मधुमेह बरा करतो म्हणणाऱ्या दवाखान्यात कृपा करून पैसे भरू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार मधुमेहासाठी हे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देताच येत नाहीत. मुलाचं इन्सुलिन तर कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.