बाबांचा ‘चार’

लिफ्टमध्ये शिरलं की बाबा बटणांसमोर उभे राहून पुटपुटतात, ‘एक, दोन, तीन, चार.’ चार आला की आवाज थांबतो आणि डाव्या हाताचं बोट बटणावर जातं. नुसता ‘चार’ त्यांच्या तोंडून निघत नाही. पाठ असलेले आकडे पहिल्यापासून म्हटले, की ओघात तो येतो.

स्ट्रोकला सव्वा वर्ष झालं. त्या सकाळी त्यांच्या उजव्या हातातून टॉवेल दोनदा गळून पडला. मला वाटलं, झोप झाली नसेल. ‘जरा पडा,’ म्हटलं. ती चाळीस मिनिटं अजून माझ्या मनातून जात नाहीत. मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला मेंदूच्या सुमारे 19 लाख पेशी मरतात, हे मी नंतर वाचलं. इमर्जन्सीत डॉक्टरांनी आधी विचारलं, ‘शेवटचे ठीक कधी होते?’ गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. बाबांना ते मिळालं. म्हणून कळकळीने सांगते, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी अचानक दिसलं तर वेळ लिहून ठेवा आणि लगेच अँब्युलन्स बोलवा. तोंडात पाणीसुद्धा घालू नका, गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं.

पाय महिन्याभरात चालता झाला. वाचा मात्र अडलेलीच राहिली. याला वाचाघात म्हणतात. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी अशा एका रुग्णाबद्दल लिहिलं होतं. त्याला ‘टान’ एवढंच बोलता यायचं, पण समोरच्याचं बहुतेक सगळं समजायचं. बाबांनाही समजतं. तरी भेटायला येणारे त्यांच्याशी मोठ्याने बोलतात, नाहीतर त्यांच्यासमोरच मला विचारतात, ‘आता बरं वाटतंय का यांना?’ बाबा तेव्हा मान खाली घालतात.

मीही चुकायचे. चष्मा हवा असला की ते ‘पंखा’ म्हणतात. चुकलं हे त्यांचं त्यांना कळतं, जोरात मान हलवतात, नाकावर बोट ठेवतात. मी झटकन ‘चष्मा!’ म्हणून मोकळी व्हायचे. स्पीच थेरपिस्टने मला थांबायला शिकवलं. मनात दहा आकडे मोजायचे, मग फक्त ‘च’ म्हणायचं, तरीही अडलं तर कागद-पेन पुढे करायचं. ते दहा आकडे फार लांब वाटतात. पण कधी सातव्या-आठव्या आकड्याला ‘चश्... चष्मा’ येतो, आणि तो शब्द त्यांचा असतो.

मध्यंतरी दुपारभर ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. आम्ही थकवा समजलो, निघालं नैराश्य. स्ट्रोकनंतर साधारण तिघांपैकी एकाला ते येतं. गोळ्यांनी फरक पडला. त्याहून जास्त फरक पडला तो आठवड्याला भेटणाऱ्या, त्यांच्यासारखेच शब्द शोधणाऱ्या पाच जणांच्या गटाने.

परवा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचा एक मुलगा होता. बाबा ‘तीन’पर्यंत आले होते, तेवढ्यात त्याने विचारलं, ‘काका, कितवा?’ आकडे तुटले. मी बोलणार, तोच त्याने बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. दार लागलं, लिफ्ट जागची हलली नाही. बाबांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.