५४ किलोमीटर, ७१ थांबे : सायकलवरून शहराला एक वळसा

ज्या महानगरात आपण वर्षानुवर्षे राहतो, त्याला सायकलवरून एकदा तरी पूर्ण वळसा घालावा, या हौसेपोटी आम्ही तिघे एका सुटीच्या दिवशी पहाटे सव्वापाच वाजता निघालो आणि दहाला दहा मिनिटे कमी असताना घरी पोहोचलो. अंतर भरले ५४ किलोमीटर. आम्ही तिघेही शर्यतीतले नव्हे, आठवड्यातून दोन-तीन वेळा हौसेने सायकल चालवणारे आहोत. त्यामुळे वेगाबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही. मात्र ज्या क्रमाने आम्ही तो वळसा घातला तो क्रमच चुकीचा होता, हे संपत आल्यावर ध्यानात आले, आणि मागून जाणाऱ्यांनी ती चूक करू नये म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

तयारीबद्दल थोडक्यात. आदल्या रात्री टायरमध्ये हवा भरली. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, गाठायचे लक्ष्य नव्हे, हे अनेक जण विसरतात. माझे टायर ३२ मिलिमीटर रुंद आहेत आणि माझे वजन ७० किलोच्या आसपास आहे. त्यासाठी मी मागे ६० आणि पुढे ५५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) ठेवतो, कारण भार मागच्या चाकावर अधिक असतो. त्याहून जास्त हवा भरली की शहरी रस्त्यांवरचा प्रत्येक खड्डा मनगटात जाणवतो. फारच कमी भरली तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. एक जादा ट्यूब, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप, षट्कोनी पान्यांचा संच, पाण्याच्या दोन बाटल्या आणि हातमोजे एवढे सामान पुरेसे ठरले. हातमोजे थंडीसाठी नव्हते. पडताना माणूस प्रथम तळहात टेकतो, म्हणून ते घ्यावेत.

निघालो तेव्हा अंधार होता. अशा वेळी पुढचा दिवा किंचित खाली झुकवलेला असावा, म्हणजे रस्ता दिसतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. मागचा लाल दिवा नुसता लुकलुकता ठेवला तर तो चटकन नजरेत भरतो खरा, पण आपण किती अंतरावर आहोत हे मागच्या चालकाला त्यावरून नेमके उमगत नाही. म्हणून मी एक दिवा स्थिर आणि एक लुकलुकता असे दोन लावतो. घोट्यांना बांधायच्या चमकत्या पट्ट्यांचा उपयोग मला अंगातल्या चमकत्या जाकिटापेक्षाही अधिक वाटतो, कारण पायडलबरोबर वर-खाली होणारी ती चमक पाहताच पुढे सायकलवर माणूस आहे हे दुरूनही कळते.

पहिले १८ किलोमीटर नदीकाठच्या मार्गाचे. ते तासाभरात झाले आणि या संपूर्ण अंतरात आमचे पाय केवळ चार वेळा जमिनीला लागले. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. नदीकाठ सुंदर असतो हे कोणाला सांगावे लागत नाही. पायी फिरणाऱ्यांचाही तो मार्ग असल्याने, जवळ गेल्यावर एकदम घंटी वाजवून त्यांना दचकवण्यापेक्षा वीस-पंचवीस मीटर आधीच एकदा वाजवावी आणि वेग कमी करावा, एवढे पुरे.

पुढचे १४ किलोमीटर औद्योगिक पट्ट्यातले होते. सुटीच्या दिवशी तिथे शुकशुकाट असेल, हा आमचा समज पहिल्या दहा मिनिटांतच खोटा ठरला. दिवसा अवजड वाहनांना मनाई असलेल्या शहरांत माल रात्री आत येतो आणि रिकामे ट्रक उजाडण्याच्या सुमारास बाहेर पडतात. सुटी असो वा नसो, त्यांना त्याचे सोयरसुतक नसते. ट्रेलर वळतो तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती आतल्या बाजूला ओढली जातात. त्यामुळे वळणाच्या आत सुरुवातीला सायकलला पुरेशी वाटणारी जागा काही क्षणांतच नाहीशी होते, आणि नेमकी तीच जागा चालकाला आरशातून नीट दिसत नाही. सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या कडेने पुढे सरकण्याचा मोह म्हणूनच टाळावा. आपल्याला त्याचा आरसा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही, ही साधी खूणगाठ बांधून ठेवावी आणि त्याच्या मागे मुकाट्याने थांबावे.

अपघात मात्र ट्रकमुळे झाला नाही. गोदामांकडे जाणारा एक जुना मालगाडीचा रूळ तिथे रस्त्याला तिरका छेदून जातो. रात्री पावसाचा शिडकावा झालेला होता आणि पुरेसे उजाडले नव्हते. मी पुढे होतो. रूळ मला दिसला, मी सवयीने हँडल वळवून तो ओलांडला, पण मागच्यांना ओरडून सांगायचे राहून गेले. ही चूक निखालस माझी. मधला सोबती सरळ रेषेत आला, त्याचे पुढचे चाक रुळालगतच्या फटीत अडकले आणि काही कळायच्या आत तो उजव्या कुशीवर आडवा झाला. कोपर आणि मांडी खरचटली, डोक्याला काही झाले नाही. मागून कोणतेही वाहन येत नव्हते, हे केवळ नशीब.

रेल्वेच्या चाकाची कड जाण्यासाठी रुळालगत ठेवलेली फट सायकलच्या टायरपेक्षा रुंद असते आणि ओले पोलाद काचेसारखे निसरडे होते. म्हणून तिरका रूळ तिरकाच ओलांडला तर चाक एक तर फटीत जाते नाही तर रुळावरून घसरते. पुरेसे आधी वेग कमी करावा, खांद्यावरून मागे पाहून खात्री करून घ्यावी, रस्त्यातच थोडा वळसा घेऊन रुळाला जमेल तितक्या काटकोनात सामोरे जावे, आणि प्रत्यक्ष रुळावर असताना ब्रेक लावू नये, वळू नये, पायडलही मारू नये. मागून वाहतूक असेल आणि वळसा घ्यायला जागा नसेल तर उतरून चालावे. ओल्या रस्त्यावर रंगवलेले पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणे यांनाही हेच लागू आहे. पाऊस नुकताच सुरू झालेला असताना रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून जो थर तयार होतो, तो तर सर्वांत दगाबाज.

जखम धुऊन, पट्टी बांधून आम्ही निघण्याच्या घाईत होतो, तेव्हा तिसऱ्या सोबत्याने सायकल मागून नीट पाहण्याचा आग्रह धरला आणि त्यामुळे पुढचे मोठे नुकसान टळले. सायकलची चेन उजव्या बाजूला असते, म्हणून उजव्या कुशीवर पडलेल्या सायकलचा मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये. तो ज्या छोट्या पट्टीवर बसवलेला असतो, त्या हँगरची रचना मुद्दामच अशी असते की आघात झाल्यास सांगाड्याऐवजी ती वाकावी. मागे उभे राहून पाहिले असता डिरेलरच्या दोन्ही छोट्या चकत्या वरच्या दातेरी चकतीच्या रेषेत दिसायला हव्यात. आमच्या बाबतीत खालची चकती चाकाकडे कललेली दिसली. अशा अवस्थेत चढावर सर्वांत हलका गिअर टाकला असता तर डिरेलर स्पोकमध्ये अडकून चाकासकट मोडला असता. रस्त्यावर पट्टी सरळ करण्याचा खटाटोप आम्ही केला नाही, कारण ती हाताच्या अंदाजाने वाकवताना तुटण्याचा संभव असतो. डिरेलरवरचा ‘एल’ खुणेचा स्क्रू आत फिरवून सर्वांत मोठ्या दोन चकत्यांपर्यंत चेन पोहोचणारच नाही अशी व्यवस्था केली आणि पुढे निघालो. या सगळ्यात पस्तीस मिनिटे गेली.

हलके गिअर गेल्याचा जाच पुढच्या मोठ्या पुलावर जाणवला. पुलाचा चढ तसा सौम्य होता, परंतु वारा समोरून येत होता, आणि उघड्या पुलावर वाऱ्यापासून आडोसा नसतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समोरून वारा असला की त्यात वाऱ्याच्या वेगाचीही भर पडते, म्हणून अशा ठिकाणी नेहमीचा वेग टिकवण्याचा हट्ट गुडघ्यांना महागात पडतो. जखमी सोबत्याला आम्ही मधे घेतले आणि पुढे राहण्याची पाळी दोघांनी आलटून पालटून घेतली. (गुडघा पुढच्या बाजूने दुखू लागला तर सीट बहुधा खाली असते, मागच्या बाजूने दुखला तर बहुधा वर, टाच पायडलवर ठेवून ते तळाशी नेल्यावर पाय जेमतेम सरळ झाला, तर उंची ठीक आहे असे समजावे.) पूल आणि पलीकडची वस्ती मिळून आठ किलोमीटर झाले, दहा थांबे झाले, आणि मग आम्ही वीस मिनिटे बसलो.

साडेआठला शहराच्या मध्यभागातले शेवटचे १४ किलोमीटर सुरू झाले, आणि त्यांना एक तास वीस मिनिटे लागली. नंतर नोंद तपासली तेव्हा सबंध प्रवासातल्या ७१ थांब्यांपैकी ४८ या एका तुकड्यातले निघाले. एका थांब्याची किंमत किती असते, याचा मी हिशेब करून पाहिला. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले आणि वेग ताशी २२ किलोमीटर धरला, तर गतीत साठवलेली ऊर्जा सुमारे १,६०० ज्यूल भरते. ती ब्रेकमध्ये उधळली जाते आणि पुन्हा पायांनीच भरावी लागते. सपाट रस्त्यावर त्याच वेगाने तेवढ्या ऊर्जेत साधारण १०० मीटर जाता येते. म्हणजे आमच्या थांब्यांनी प्रवासात सात किलोमीटरची भर घातली, आणि तीही अशी की एकसंध चालवण्यापेक्षा कितीतरी जास्त दमवणारी. कोपनहेगनमध्ये नॉरेब्रोगाडे या रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला सकाळी शहराकडे जाताना सलग हिरवे सिग्नल मिळावेत अशी योजना केलेली आहे; तिच्यामागचे शहाणपण मला त्या दिवशी मांड्यांतून कळले. ज्यांच्या वाट्याला तशी सोय नाही, त्यांनी सिग्नल दुरून लाल दिसताच पायडल थांबवून सायकल नुसती वाहू द्यावी. निम्म्या वेळा पाय टेकण्याआधीच तो हिरवा होतो. थांबावेच लागले तर थांबण्यापूर्वीच हलका गिअर घ्यावा, कारण डिरेलरच्या सायकलचा गिअर उभ्या जागी बदलत नाही.

याच तुकड्यात सायकलींसाठी आखलेला पट्टा एके ठिकाणी उभ्या मोटारींच्या अगदी लगत गेला होता आणि तिथे एका मोटारीचे दार माझ्यापुढे अचानक उघडले. मी पट्ट्याच्या बाहेरच्या रेषेवरून सायकल चालवत होतो, म्हणूनच बचावलो. उघडलेले दार सुमारे एक मीटर जागा अडवते. त्यामुळे उभ्या मोटारींपासून निदान तेवढे अंतर राखावे, मग पट्टा कुठेही आखलेला असो. आखणाऱ्याने तो कागदावर आखलेला असतो आणि दार आपल्या अंगावर उघडते.

आमची मूळ चूक कोणती ते आता सांगतो. शहराचा मध्यभाग रिकामा असतो तो पहाटेचा दीड-दोन तास, आणि ती अमूल्य वेळ आम्ही नदीकाठी घालवली, जो मार्ग कोणत्याही वेळी निर्धोक असतो. वाईटात वाईट रस्त्याला दिवसातली उत्तम वेळ द्यावी आणि चांगला रस्ता शेवटी ठेवावा, हा नियम आम्ही नकाशा पाहताना केवळ अंतर मोजत बसल्यामुळे निसटला. नकाशावर अंतरासोबत चौक मोजावेत, आणि त्यातही समोरून येणाऱ्या वाहतुकीला छेदून वळावे लागते असे चौक वेगळे मोजावेत. वळशाची दिशा उलटी केली तर यांतली बरीचशी वळणे सोप्या बाजूची होतात. दर दहा-बारा किलोमीटरवर सायकल नेऊ देणाऱ्या वाहनाने किंवा आडवाटेने घरी परतण्याची एक जागा आधीच हेरून ठेवावी. एक अपवाद सांगायला हवा : हिवाळ्यात पहाटेची हवा शुद्ध असते हा समज मोठ्या शहरात बरेचदा खोटा ठरतो, कारण जमिनीलगतच्या थंड थरात धूर कोंडून राहतो आणि ऊन वर आल्याशिवाय तो विरत नाही. त्या महिन्यांत निघण्याची वेळ ठरवण्यापूर्वी हवेच्या प्रतीचा ताजा आकडा पाहावा आणि तो वाईट असेल तर त्या दिवशी बेत रद्द करावा.

तीन आठवड्यांनी, हँगर नवा बसवून आणि कोपर भरून आल्यावर, आम्ही तोच वळसा उलट दिशेने घातला. मध्यभागातले ४८ थांबे ११ वर आले. औद्योगिक पट्ट्यात ट्रक पूर्वीइतकेच होते, पण लख्ख उजाडलेले होते. नदीकाठावर पोहोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते आणि माणसांची एवढी गर्दी होती की त्या १८ किलोमीटरांना दीड तास लागला. त्यात त्रासाचे काही नव्हते. तिरक्या रुळाशी मात्र रस्ता कोरडा ठणठणीत असूनही तिघेही, कोणी कोणाला न सांगता, उतरून चाललो.