तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्रावरच्या रॉडला रील कोणती लावायची?

गंगापूर धरणावर कटला-रोहूला गळ टाकणारी नाशिकची मंडळी डहाणू-मुरूडकडे वळली की एक प्रश्न हमखास येतो: "समुद्राचा रॉड घेतलाय, आता त्याला चार हजारची रील लावू की सहा हजारची?" (हे आकडे किमतीचे नव्हेत; रील म्हणजे दोरी गुंडाळायची चक्री, तिच्या आकाराचे.)

आधी रॉड वाचा. मुठीच्या वर बारीक अक्षरांत लांबी, ल्यूरचं (नकली आमिषाचं) वजन आणि दोरीची ताकद लिहिलेली असते; ताकद पौंडात किंवा पीईच्या, म्हणजे विणलेल्या दोरीच्या जाडीच्या आकड्यात. रील ठरते ती या दोरीच्या आकड्यावरून. खाडीत जिताड्यासाठी आठ फुटी, पीई १ ते २ चा रॉड असेल तर ३००० किंवा ४००० पुरे. खडकावरून टाकायचा नऊ-दहा फुटी, पीई २ ते ३ चा असेल तर ५०००-६०००. त्यापुढच्या जाड रॉडला ८०००.

हे आकडे डोळे झाकून मात्र घेऊ नका, कारण ते कंपनीगणिक बदलतात. दायवाने २०१८ मध्ये एलटी मालिका आणली तेव्हा आकारच बदलले. त्यांची जुनी ३००० नव्या ४००० च्या जवळ जाते. शिमानोच्या बऱ्याच मॉडेलांत ४००० आणि सी५००० चा सांगाडा एकच, फरक स्पूलचा, म्हणजे दोरी जिच्यावर गुंडाळते त्या फिरकीचा. म्हणून स्पूलवर छापलेली क्षमता बघा. खाडीत दीडशे मीटर ब्रेड (विणलेली दोरी) चालते, पण सुरमई एका दमात खूप दोरी ओढते, तिथे अडीचशे-तीनशे मीटर हवी. दोरी संपायच्या कितीतरी आधी अडचण सुरू होते: स्पूलवरच्या दोरीचा व्यास निम्मा झाला की त्याच ड्रॅगचा (मासा ओढताना दोरी ताणून सोडणाऱ्या रीलच्या ब्रेकचा) ताण दुप्पट होतो आणि दोरी तुटू शकते.

डब्यावर ठळक छापलेल्या 'कमाल ड्रॅग १२ किलो'ला भुलू नका. ३० पौंडी दोरी म्हणजे साडेतेरा किलो. ड्रॅग लावायचा तिच्या पाव ते तीस टक्के, म्हणजे साडेतीन-चार किलो. बारा किलो लावलात तर आधी गाठ सुटेल, नाहीतर रॉड मोडेल. साडेतीन-चार किलोच्या ताणाला ड्रॅग अडखळत सुटतो की सलग, हे खरं तपासायचं. दोरी गाईडमधून (रॉडवरच्या कड्यांमधून) ओवून टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधा, रॉड वाकवून धरा आणि सावकाश ओढा. काटा झटके देत असेल तर ती रील परत ठेवा.

पहिला गाईडही बघा. स्पिनिंग रॉडचे (ज्याला रील मुठीखाली लटकते) गाईड खालच्या बाजूला असतात आणि पहिलं कडं मोठं असतं. कडं लहान आणि स्पूल मोठा असेल तर दोरीची वेटोळी कड्यावर आपटतात आणि फेक कमी पडते. गाईड वरच्या बाजूला आणि मुठीखाली बोटासाठी चाप असेल, तर तो रॉड स्पिनिंग रीलचा नव्हेच.

दुकानात रॉड घेऊनच जा. रील बसवून तिच्या पायाशी दोन बोटांवर रॉड तोला. टोक थोडं खाली झुकलं तर चालेल. दणकन खाली जात असेल तर दिवसभर ल्यूर फेकताना मनगट दुखेल. दोरी भरल्यावर रीलचं वजन वाढतं, तेही धरा.

दोरी भरताना खाली आठ-दहा मीटर मोनो (एकेरी नायलॉनची दोरी) घाला, कारण ब्रेड गुळगुळीत धातूवर घसरते आणि अख्खा गुंडा आतल्या आत फिरतो. काठापासून दीड-दोन मिलिमीटर जागा सोडा. जास्त भरली तर वेटोळी एकदम सुटून गुंता होतो. गुंडाळताना दोरी ओल्या फडक्यातून ताणून घ्या. सैल भरलेली दोरी मासा ओढताना खालच्या थरांत रुतते.

जव्हार-मोखाड्यावरून घरी पोहोचेपर्यंत मीठ वाळून बसतं, म्हणून गाडीत गोड्या पाण्याची बाटली ठेवा आणि निघण्याआधीच रील धुवा. आधी ड्रॅगची चकती घट्ट आवळा, वरून हलकी धार सोडा. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत ढकललं जातं, बादलीत बुडवलं तर पाणी बेअरिंगपर्यंत जातं. फडक्याने पुसून, सावलीत वाळवून ड्रॅग पूर्ण सैल करा, नाहीतर आतल्या वॉशर दबून राहतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग अडखळतो.