भुवईवरची खूण

"ताई, फाईल तयारच आहे, नुसती प्रिंट मारून द्या," म्हणत तो मुलगा आत आला. मागोमाग त्याची आजी. रविवारी आजोबांचं वर्षश्राद्ध, त्यासाठी त्यांच्या फोटोचा १६ बाय २० इंचांचा कॅनव्हास, म्हणजे कापडावरची प्रिंट, हवा होता. गुरुवार उजाडला होता आणि बाहेर आषाढातला पाऊस. घरातल्याच एका खोलीत मी हे काम करते. पावसाळ्यात वाळवणीचा हिशेब आधी मांडावा लागतो.

फाईल उघडली. मोबाईलच्या ॲपमधून काढलेला चेहरा. कातडी गुळगुळीत, डोळे चकचकीत, पापणीचा केस न् केस वेगळा. आजी स्क्रीनजवळ वाकल्या.

"ह्ये आमचं मालक न्हवं."

"आजी, तोच फोटो आहे, फक्त साफ केलाय."

"आन् भुवईवर बैलाचं शिंग लागल्यालं, ती खूण कुठं गेली?"

मी मूळ फोटो मागितला. तो आजींच्या पिशवीत होताच. सत्तरच्या दशकातला, दाणेदार कागदावरचा. त्या काळी हा कागद फार चालायचा, बोटांचे ठसे त्यावर दिसत नाहीत. पण स्कॅनरचा उजेड तिरपा पडतो, प्रत्येक दाण्याची सावली उमटते आणि चेहराभर जाळी पसरते. ॲपनं जाळीबरोबर खूणही पुसली होती आणि रिकाम्या जागी मनाचं भरलं होतं.

अशा कागदाचे दोन स्कॅन घ्यायचे: एक सरळ, दुसरा फोटोची वरची बाजू खाली फिरवून. दुसरा सुलटा करून पहिल्यावर अर्धा पारदर्शक बसवला, की विरुद्ध दिशांच्या सावल्या एकमेकींना खोडतात. जाळी बरीचशी विरली आणि डाव्या भुवईत तिरपी पांढरी रेघ दिसू लागली. आजींनी स्क्रीनवर बोटच ठेवलं. "ही बगा."

"पण एवढा मोठा केल्यावर फोटो फुटेल ना?" नातवाची शंका रास्त होती. चेहऱ्याचा भाग जेमतेम २ बाय अडीच इंचांचा. १२०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला १२०० ठिपके धरून, स्कॅन केल्यावर २४०० बाय ३००० पिक्सेल मिळाले, म्हणजे १६ बाय २० वर १५० डीपीआय. चकचकीत कागदावर थोडी मऊ दिसली असती ही प्रिंट. कॅनव्हासची वीण ते सांभाळून घेते, शिवाय भिंतीवरचा फोटो कुणी नाक लावून बघत नाही. म्हणूनच जुन्या फोटोत नसलेला तपशील घुसडायला माझा ठाम विरोध आहे. धूसर चेहरा ओळखता येतो, बदललेला येत नाही.

मॅट कॅनव्हासवर काळा रंग दबतो, म्हणून सावलीतला भाग किंचित उजळला. चौकटीवर दुमडायला चारी बाजूंना दोन-दोन इंच कडा आरशासारखी उलटवून वाढवली, नाहीतर टोपी वळून बाजूला गेली असती. पिगमेंट (रंगकणांच्या) शाईची प्रिंट रात्री काढली आणि पंख्याखाली वाळू दिली. शुक्रवारी संध्याकाळी रोलरनं पाण्यातल्या वॉर्निशचा पातळ हात, शनिवारी सकाळी दुसरा.

दुपारी ताणायला घेतली. आधी चारी बाजूंच्या मध्यावर एकेक पिन, समोरासमोर, मग कोपऱ्यांकडे सरकत जायचं. ओढ जास्त झाली की दुमडीवर शाई तडकते. भुवईची रेघ मधोमध होती, तिथली वीण तिरकी होऊ नये म्हणून पक्कड जपून चालवली.

संध्याकाळी नातू एकटाच आला. आजींना व्हिडिओ कॉल लावून त्यानं कॅनव्हास दाखवला. पलीकडून आधी हुकूम आला, "कंच्या भितीवर लावायचा ते मी सांगनार." मग मागून आत्याचा आवाज, तिला पण एक हवा. त्याच मापाचा, खुणेसकट.