चित्रांमागचा कागद

लंडनच्या केन्सिंग्टन भागातील १८, स्टॅफर्ड टेरेस हे घर पाहण्याचा योग नुकताच आला. ‘पंच’ साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार लिन्ली सॅम्बर्न १८७५ पासून येथे पत्नी मॅरियन यांच्यासह राहत असत. १९८० मध्ये ते संग्रहालय म्हणून खुले झाले. दिवाणखान्याच्या भिंतींना पुढे महागडा नक्षीदार जपानी कागद लावताना टांगलेल्या चित्रांमागचा इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस यांच्या नक्षीचा जुना कागद तसाच ठेवला गेला, कारण जिथे कोणाची नजरच जाणार नाही तिथे खर्च कशाला! ही काटकसर मला फार ओळखीची वाटली. रेंगाळलो मात्र स्नानगृहात. चित्रांतील आविर्भाव नेमके साधावेत म्हणून सॅम्बर्न स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहत, प्रसंगी घरच्यांना आणि नोकरांनाही उभे करीत आणि ती छायाचित्रे इथेच धूत.