तुम्ही विचारलंत म्हणून: एकमेकांना ‘पॉवर’ दिलीय का?

लग्नाशिवाय एकत्र राहायला लागून आम्हाला सतरा वर्षं झाली. ‘का नाही केलंत?’ असं विचारणारे आता दमले. हल्ली तिशीतली जोडपी जरा बाजूला घेऊन वेगळंच विचारतात, “ताई, तुम्ही एकमेकांना पॉवर देऊन ठेवलीय का?”

दिलीय. तो दोन वर्षं मस्कतला होता, तेव्हा माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र करून गेला होता. सोसायटीची कामं, मालमत्ता कर, बँकेतले हेलपाटे, सगळं मी त्याच्या वतीनं सह्या करून निभावलं. त्यामुळे हा कागद फुकटचा आहे असं मी म्हणणार नाही.

मग तीन वर्षांपूर्वी एका पहाटे तो बाथरूममध्ये कोसळला. मेंदूत रक्तस्राव. रुग्णालयाच्या काउंटरवर मी ते मुखत्यारपत्र हुकमाचा एक्का टाकावा तसं टाकलं. समोरच्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही पेशंटच्या कोण?” तातडीचे उपचार सुरू झाले होते, ते कुणी अडवले नाहीत. पण ऑपरेशनच्या फॉर्मवर माझी सही घेईनात. त्याची बहीण नाशिकहून पोचली, तिनं केली.

तो बरा झाल्यावर मी तणतणत वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, काउंटरवाला उद्धट असेल, पण कागदाच्या बाबतीत चुकला नव्हता. 1872 च्या करार कायद्याचं कलम 201 आहे. मुखत्यार म्हणजे प्रतिनिधी. ज्यानं नेमलं तो गेला किंवा त्याची शुद्ध हरपली, की प्रतिनिधीचा अधिकारही संपला. इंग्लंडमध्ये त्यापुढेही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे नाही. माणूस कोमात गेला तर पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं. ही अट आम्हाला मुखत्यारपत्र करून देताना कुणी सांगितली नव्हती, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारली नव्हती.

त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. समीरा कोहली खटल्यात, 2008 साली, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सज्ञान रुग्ण स्वतः संमती देऊ शकत असेल तर नातेवाइकाची सही त्याऐवजी चालणार नाही. तिथे तर सही प्रत्यक्ष आईची होती! म्हणजे शुद्धीवर असेपर्यंत मी, त्याची बहीण, त्याची आई, सगळ्या सारख्याच.

मग एका कागदाच्या जागी आमची फाइल झाली. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली साध्या कागदावर लिहून कुणाही सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येतं. तिथे नातं विचारत नाहीत. बरं होण्याची आशाच उरली नाही तर काय करायचं, याचं वैद्यकीय इच्छापत्र केलं. 2023 पासून त्याला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पूर्वी मॅजिस्ट्रेटकडे जावं लागायचं. त्यात मी आणि त्याची बहीण, दोघींची नावं घातली. मुद्दाम. कायद्यानं उत्तर नसलं की काउंटरवर बहीणच चालते, हे मी पाहिलंय.

बँकेत नॉमिनी एकमेकांना केलं. पण नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक नव्हे. मालकी हवी तर मृत्युपत्र. ते नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं त्याचा फ्लॅटमधला अर्धा वाटा त्याच्या आईकडे जाईल. आई भली आहे, पण ब्याऐंशी वर्षांच्या बाईशी मी वाटण्या बोलत बसू का?

माझं मृत्युपत्र झालं. त्याचं अजून टेबलावर पडलंय. “सही करतो गं, अमावास्या जाऊ दे,” म्हणतो. लग्नाला मुहूर्त नको म्हणणारा हाच माणूस. या महिन्यात साक्षीदार म्हणून दोन शेजारी घरी बोलावलेत, त्याला न सांगता.