ही लता न्हवं

खंडेनवमी, रात्री साडेदहा

आज शेड बंद. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीनचा आवाज नाही, नुसती गाणी. लेथ पुसून, हार घालून पूजा झाली तसं आमच्या पोऱ्यानं मोबाईलवरनं ‘ऐरणीच्या देवा’ लावलं. आमच्या गल्लीत खंडेनवमीला हे वाजलं नाही तर पूजा झाल्यासारखी वाटत नाही.

दुसऱ्या ओळीला आबा म्हणाले, “ही लता न्हवं.”

मी मोबाईल बघितला. खरंच, कुठल्याशा नव्या मुलीनं म्हटलेलं. वाईट गात नव्हती बिचारी. पण आबांनी ते बंद करायला लावलं.

हा कान जुना आहे. मी नववीत असताना बाजारातनं लावण्यांची कॅसेट आणली होती. वर सुलोचना चव्हाणांचा डोईवर पदर घेतलेला फोटो, आत भलतीच बाई. आबा जेवत होते. हातातला घास तसाच धरून म्हणाले, “फसवलं तुला.” परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणतो, गाणी तर तीच आहेत की! त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. पैसे गेलेच.

पण आवाज ओळखणारे आबा गावाच्या बाबतीत मात्र चुकतात. ‘नाव गाव कशाला पुसता, अहो मी आहे कोल्हापूरची, मला हो म्हणतात लवंगी मिरची’ म्हणणारी ही सुलोचनाबाई कोल्हापूरचीच, असं ते आयुष्यभर धरून चाललेत. आज सांगून टाकलं, ती गिरगावातल्या फणसवाडीत जन्मलेली. कोल्हापूरचे ते ती लावणी लिहिणारे जगदीश खेबुडकर, आणि तेही पेशानं शाळामास्तर. आबांना पटेना.

“गिरगावची? मग एवढी मिरची कुठनं शिकली?”

याला काय बोलणार! बरं, ‘ऐरणीच्या देवा’ही खेबुडकरांचंच. ‘साधी माणसं’ 1965 चा, भालजी पेंढारकरांचा. संगीतकार म्हणून नाव ‘आनंदघन’, म्हणजे लताबाईच. पुरस्काराच्या वेळी ‘आनंदघन’ पुकारलं तर त्या जागच्या हलेनात, शेवटी व्यासपीठावरनंच गुपित फोडावं लागलं म्हणतात. आबांना हा किस्सा फार आवडला. मग मी म्हटलं, लताबाई तरी निदान आपल्या गावात राहिलेल्या. वडील 1942 साली गेले, त्यानंतर मास्टर विनायकांच्या सिनेमा कंपनीत होत्या, ती कंपनी तेव्हा कोल्हापुरातच. 1945 ला कंपनी मुंबईला गेली, त्याही गेल्या. चौदा-पंधरा वर्षांची पोर, घरातली थोरली, कमावती. आबा गप्प झाले. त्यांनीही त्याच वयात फौंड्रीत वाळू चाळायला सुरुवात केली होती. हे त्यांनी सांगितलं नाही, मला माहीत आहे.

पोऱ्यानं तोवर मूळचं गाणं शोधून काढलं. एका रेकॉर्डवर खरखर होती, ती आबांनी पसंत केली. आम्ही तिघं उभ्यानंच ऐकत होतो. आवाज वाढवला तसा स्पीकर थरथरायला लागला, त्याच्याखालची झेंडूची पाकळी सरकत सरकत खाली पडली.

आबांनी गाणं मध्येच थांबवायला लावलं. मला वाटलं, आता काय चुकलं?

“स्पीकर ऐरणीवर काय ठेवलायस रं? खाली घे आधी. कुंकू लावलंय तिला.”